आवळलेला नट पुन्हा आवळा



या अंकात कपाशीच्या भावावर लिहायचे ठरले होते. तो लेख पुढच्या अंकात जाईल. भाव काही तोवर वर पळून जात नाही, आहे तिथेच बसून राहतो. या वेळी मी चाकाच्या नटाबद्दल लिहितो आहे. संपादकीयासाठी हा विषय काहींना हलका वाटेल. २०२५ च्या मार्चमध्ये तुर्भ्याच्या धान्य बाजारात, पहाटेच्या अंधारात, ट्रकच्या मागच्या चाकाशी उकिडवा बसलो नसतो तर मलाही तो हलकाच वाटला असता.

आमच्या गटाची मालदांडी ज्वारी घेऊन आम्ही निघालो होतो. पन्नास किलोचे दोनशे कट्टे, म्हणजे शंभर क्विंटल माल. गावाकडचा व्यापारी सांगतो त्यापेक्षा नवी मुंबईत क्विंटलमागे चार पैसे जास्त सुटतील हा हिशेब. ट्रक भाड्याचा, साधा सहाचाकी. इंदापूर सोडल्यावर मागच्या डाव्या बाजूचे आतले चाक पंक्चर झाले. रस्त्याकडेच्या एका दुकानात रात्री पोराने दोन्ही चाके उतरवली, पंक्चर काढले, चाके चढवली आणि हवेच्या गनने दहाच्या दहा नट खडाखड आवळले. चालकाने विचारले, "फिट झाले का?" पोरगा म्हणाला, "एकदम टाइट." तो खोटे बोलला नाही. त्या घडीला ते टाइटच होते.

मग पुणे, लोणावळा, द्रुतगती मार्ग, खंडाळ्याचा उतार, कळंबोली, सायन-पनवेल रस्ता. उजाडायच्या आत आवारात शिरायचे म्हणून कुठे थांबलो नाही. कळंबोलीच्या अलीकडे मागून खट्‌खट् असा आवाज येतो आहे असे मला वाटले. चालक म्हणाला, पाटा वाजतो आहे. मी कृषी पदवीधर, त्याची वीस वर्षे रस्त्यावर गेलेली. मी गप्प बसलो.

तुर्भ्यात कट्टे उतरवायला आलेल्या माथाडी कामगाराने आधी फळका उघडला नाही. तो चाकापाशी वाकला आणि म्हणाला, "पाटील, याच्यावर घाट उतरून आलात?" आम्ही बॅटरी लावून बघितले. दहापैकी चार बोल्ट मुळातून मोडले होते. दोनांवर नट नव्हते. उरलेले चार नट बोटांनी फिरत होते आणि त्यांच्या भोवती तांबूस भुकटी जमली होती. भरल्या ट्रकने आम्ही बोरघाट उतरलो तो त्या चार ढिल्या नटांवर.

हमाली-तोलाईवरून आपले आणि माथाड्यांचे भांडण जुने आहे, ते पुढेही चालेल. पण ज्या गाडीखाली रोज उभे राहायचे त्या गाडीकडे बघण्याची नजर त्या माणसाकडे होती. गाडीत बसून आलेल्या आम्हा तिघांकडे नव्हती.

चाक निखळले असते तर काय झाले असते, हे मी नंतर कागदावर मांडून बघितले. टायरसकट ट्रकचे एक चाक शंभर किलोच्या आसपास भरते. गाडी ताशी साठ किलोमीटरने जात असताना ते सुटले तर ते त्याच वेगाने पुढे धावते. समोरच्याला बसणारा धक्का चौदा मीटरवरून, म्हणजे चार मजली इमारतीच्या गच्चीवरून, तेवढे वजन टाकल्यासारखा. फिरत्या चाकातला जोर यात धरलेलाच नाही, तो आणखी वेगळा. ते चाक कुणाला लागेल ते सांगता येत नाही. सायन-पनवेल रस्त्याच्या कडेला बसची वाट बघत उभी असलेली बाई असेल, मोटारसायकलवरचे जोडपे असेल. ज्वारीचा भाव ठाऊक नसलेली, आपल्याशी काही देणेघेणे नसलेली माणसे.

आता कुणी म्हणेल, ही ट्रकवाल्यांची गोष्ट, कोरडवाहू शेतकऱ्याला तिचे काय? नवी मुंबईशी आपला संबंध वाटतो त्याहून जवळचा आहे. मुंबईच्या दाणाबंदरातला धान्य बाजार नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला तुर्भ्याला आला, तेव्हापासून सोलापूर-नगरकडची ज्वारी तिथेच उतरते. न्हावाशेव्याचे बंदर १९८९ पासून चालू आहे, विदर्भ-मराठवाड्यातल्या जिनिंगमधून निघालेली गाठ परदेशी जाते ती बऱ्याच वेळा तिथूनच. एक गाठ १७० किलोची, शंभर गाठींचे १७ टन होतात, आणि ते १७ टन शेवटी काही डझन नटांवर तोललेले असतात. माल सोडा, माणसांचे बघा. जानेवारी २०२४ मध्ये मराठवाड्यातून निघालेला मराठा आरक्षणाचा मोर्चा वाशीला येऊन थांबला. ट्रक, टेम्पो, पिकअप, ट्रॅक्टर, त्यात पीठ, तांदूळ, अंथरुणे आणि माणसे. ऑगस्ट २०२५ मध्ये आझाद मैदानाच्या उपोषणाच्या वेळीही गावोगावच्या गाड्या नवी मुंबईत लागल्या होत्या. मागणी कुणाची आणि काय, हा इथला विषय नाही. गाड्या आपल्याच गावच्या होत्या. चारशे-पाचशे किलोमीटर आल्या आणि तेवढ्याच परत गेल्या. त्यातल्या किती जणांनी मधे उतरून चाकाला पाना लावला असेल, याचा अंदाज तुम्हीच करा. आपल्या संघटनेच्या मेळाव्यांना येणाऱ्या गाड्यांचा अंदाज मला आहे, म्हणून विचारतो.

मुळात एकदा आवळलेला नट सैल का होतो? कडब्याची गाडी भरणाऱ्याला हे शिकवायला नको. घरून निघताना चऱ्हाट पाय देऊन आवळलेले असते. गावाची वेस ओलांडेपर्यंत गाडी दोन-चार गचके खाते, कडबा बसतो आणि तेच चऱ्हाट हाताने उचलता येते. गाठ सुटलेली नसते. खालचा माल बसलेला असतो. शहाणा गाडीवान वेशीपाशी थांबतो, पुन्हा एक हिसका देतो आणि मगच पुढे जातो. चाकाचेही असेच आहे. फरक इतकाच की कडबा बसलेला डोळ्यांना दिसतो आणि लोखंड बसलेले दिसत नाही.

नट चाकाला नुसता अडवून धरतो असे आपण समजतो. तसे नाही. नट आवळताना बोल्ट किंचित ताणला जातो, केसाच्या जाडीपेक्षा फार जास्त नसेल, पण ताणला जातो. ताणलेल्या स्प्रिंगसारखा तो मागे यायला बघतो आणि त्या ओढीने चाकाची तबकडी ड्रमवर दाबून धरतो. गाडीचे ओझे वाहतो तो हा दाब आणि त्या दाबातून निर्माण होणारे घर्षण. दाब पुरेसा असेल तर तबकडी आणि ड्रम एकजीव असल्यासारखे फिरतात, बोल्टला आडवा धक्का बसतच नाही. दाब कमी झाला की तबकडी केसभर सरकू लागते, चाकाच्या दर फेऱ्याला इकडून तिकडे. गेरहार्ड युंकर नावाच्या जर्मन इंजिनिअरने १९६९ साली प्रयोग करून दाखवले की नट उलटा फिरून सुटतो तो मुख्यतः या आडव्या सरकण्यामुळे. वरखाली कितीही थरथर झाली तरी त्याने इतके होत नाही. आणि नट सुटला नाही तरी बोल्ट वाचत नाही. तार पुढेमागे वाकवत राहिले की ती तुटते, तसा तो तुटतो. एक तुटला की त्याचे ओझे शेजारच्यावर जाते. आमचे चार बोल्ट असेच एकामागून एक गेले असणार.

दाब कमी व्हायला कारण मोठे लागत नाही. तबकडी आणि ड्रम यांच्यामध्ये गंजाची खपली, चिखलाचा थर किंवा नवा रंग असला की पुरे. पोळ्याला, दसऱ्याला आपण ट्रॅक्टर-ट्रॉली रंगवतो. चाक काढून आतूनही रंगाचा जाड हात मारतो, बोल्टसुद्धा सोडत नाही. तो रंग ओझ्याखाली दबतो, झडतो, आणि जेवढा थर गेला तेवढा ताण गेला. चाक बसते तिथला लोखंडाचा तोंडावळा उघडा, कोरडा आणि तारेच्या ब्रशने घासलेला पाहिजे. रंगाची हौस बाहेरून करा.

दुसरे कारण उष्णता. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना ब्रेक दाबून दाबून ड्रम इतका तापतो की त्यावर हात ठेववत नाही. ती उष्णता तबकडीत, बोल्टांत, नटांत जाते, सगळे फुगते आणि थंड झाल्यावर पुन्हा आक्रसते. नव्याने बसवलेल्या चाकाला पहिल्याच प्रवासात असा घाट मिळाला की बसायचे राहिलेले सगळे तिथे बसते. समृद्धी महामार्ग जून २०२५ पासून नागपूरपासून थेट भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत खुला आहे, ७०१ किलोमीटर. रस्ता चांगला आहे, तक्रार नाही. पण जुन्या रस्त्याने येताना चहाला, जेवायला, नाक्यावर गाडी दहा वेळा थांबायची आणि उतरलेल्या माणसाची नजर आपसूक चाकाकडे जायची. कुणी टायरला लाथ मारून बघे. आता तासन्‌तास एकाच वेगाने गाडी पळते आणि चाकाकडे नजर जायचे निमित्तच उरले नाही. ते निमित्त आता ठरवून काढावे लागेल.

नियम साधा आहे. चाक कोणत्याही कारणाने काढून बसवले, पंक्चर असो, टायर बदलणे असो, ब्रेकचे काम असो, की ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर गाडी थांबवायची, चाक थोडे थंड होऊ द्यायचे आणि प्रत्येक नटाला पुन्हा पाना लावायचा. इंदापूरला बसवलेले चाक आम्ही पुण्याच्या आसपास बघितले असते तर दहा मिनिटांचे काम होते. त्या वेळी नट थोडाबहुत फिरला तर ते बसणे आहे, घाबरायचे कारण नाही. पण पाव फेऱ्याहून जास्त फिरत असेल तर नुसता आवळून पुढे जाऊ नका. चाक उतरवून आत काय अडकले आहे ते बघा, आणि पुढच्या ५० किलोमीटरनंतर परत तपासा.

"पण मी चांगला पाइप लावून आवळतो," असे सांगणारे पुष्कळ भेटतात. तिथेच घोटाळा आहे. किती आवळायचे यालाही माप असते. कारला साधारण १० किलोग्रॅम-मीटर लागते. म्हणजे अर्ध्या मीटरच्या पान्याच्या टोकाला वीस किलोचा जोर. मोठ्या ट्रकच्या जाड बोल्टला ६० किलोग्रॅम-मीटरच्या आसपास, म्हणजे एक मीटर लांब पाइपच्या टोकावर साठ किलोचा माणूस न उडी मारता शांतपणे उभा राहिला तर जेवढा जोर पडेल तेवढा. तुमच्या गाडीचा नेमका आकडा तिच्या पुस्तिकेत आहे, तोच धरा. आता दीड मीटरचा पाइप घालून ऐंशी किलोच्या गड्याने त्यावर उड्या मारल्या तर काय होते? बोल्ट त्याच्या मर्यादेपलीकडे ताणला जातो आणि परत मागे येत नाही, ओढून ओढून सैल झालेल्या रबरासारखा. वरून टाइट वाटतो, आत ओढ उरलेली नसते. हवेच्या गनचेही तेच. टाकीत हवा किती, गन किती जुनी, दाबून किती वेळ धरली, यावर तिचा जोर ठरतो. एकच गन सकाळी कमी आवळते आणि दुपारी जास्त. गन चाक लवकर बसवण्यासाठी वापरा, शेवटचे आवळणे हाताने आणि मापाने करा. मापाचा पाना, ज्याला गॅरेजवाले टॉर्क रेंच म्हणतात, काही हजारांत मिळतो. एका शेतकऱ्याने घ्यावा असे मी म्हणत नाही. गावाने एक घेतला तरी पुरतो. फवारणीचा पंप आपण शेजाऱ्याचा आणतोच.

आटे कोरडे आणि स्वच्छ ठेवा. पुस्तिकेने सांगितले नसेल तर तेल, ग्रीस लावू नका. तेल लावल्यावर त्याच जोरात बोल्ट कितीतरी जास्त ताणला जातो. सगळे नट आधी हाताने बसवा, मग समोरासमोरचे जोड घेत थोडे थोडे आवळा. एका बाजूने ओळीने आवळत गेले तर तबकडी तिरकी बसते. शेवटचा जोर चाक जमिनीवर टेकल्यावर. नट ज्या चाकाचा त्याच चाकाला. कुणाच्या बुडाला निमुळता उतार असतो, कुणाचे बूड गोल, कुणाचे सपाट, आणि आटे जुळले म्हणजे बूड जुळले असे होत नाही. काही जुन्या ट्रकांच्या डाव्या चाकांना उलटे आटे असतात, बोल्टच्या टोकावर एल हे इंग्रजी अक्षर कोरलेले असते. ते न बघता जोर लावणाऱ्याने आपण आवळतो आहोत असे समजून नट सोडलेले मी पाहिले आहेत. बोल्ट मोडलेला सापडला तर तेवढाच एक बदलून भागत नाही. त्याच्या दोन्ही बाजूंच्या बोल्टांनी त्याचे ओझे वाहिलेले असते, तेही बदला. दोन किंवा जास्त मोडले असतील तर त्या चाकाचे सगळे.

आता आपल्या शेतातले. याबद्दल मला जास्त सांगायचे आहे, कारण ट्रकला निदान कधीतरी गॅरेज दिसते.

गेल्या काही वर्षांत कोरडवाहू गावांत छोटे ट्रॅक्टर आले, पंधरा-पंचवीस अश्वशक्तीचे. बैलजोडी ठेवणे परवडेना, डवरणीला माणूस मिळेना, म्हणून कपाशीच्या ओळीत ट्रॅक्टर घालायचा. ओळीतले अंतर कुठे तीन फूट, कुठे चार. ज्वारीचे १८ इंच. एका पिकातून दुसऱ्यात जायचे तर मागच्या चाकांमधले अंतर बदलावे लागते. चाके काढायची, उलटी-सुलटी करायची, तबकडी आणि रिम यांच्यामधले बोल्टही सोडायचे. म्हणजे हंगामात चार-सहा वेळा सगळे नट सुटतात आणि पुन्हा आवळले जातात, बांधावर, चिखलाच्या हाताने, ट्रॅक्टरबरोबर आलेल्या आखूड पान्याने. आवळल्यावर पहिले काम शेतात, ढेकळांत, एक चाक सरीत एक वरंब्यावर. आणि संध्याकाळी त्याच ट्रॅक्टरला ट्रॉली जोडून डांबरी रस्त्याने घरी. चाकाचे अंतर बदलले की पहिल्या तासाभराच्या कामानंतर ट्रॅक्टर उभा करून नट बघा, दिवस मावळताना पुन्हा बघा, आणि पुढे मीटरवर दर पन्नास तासांनी. तबकडी-हबचे नट आणि रिमचे बोल्ट दोन्ही. रिमचे बोल्ट हमखास विसरले जातात. मी स्वतः विसरलो आहे.

ट्रॉलीचे तर विचारू नका. ट्रॅक्टरला पुस्तिका असते, गावच्या वर्कशॉपात बांधलेल्या ट्रॉलीला तीही नसते. आस कुठल्या तरी मोडीत काढलेल्या ट्रकचा, हब दुसऱ्याचा, नट तिसऱ्याचे. आसाच्या टोकाला बेअरिंग धरून ठेवणारा मोठा नट असतो आणि तो फिरू नये म्हणून त्यात आडवी पिन असते. ती पिन मोडली की नव्या पिनेऐवजी खिळा नाहीतर तार घालून वळवलेली मी किती ट्रॉल्यांना पाहिली, त्याची मोजदाद नाही. बैलगाडीच्या काळात हे चालत नव्हते. गाडी जुंपण्याआधी म्हातारा माणूस आसाच्या टोकाची खीळ हलवून बघे, वंगण घाले, धाव सैल झाली असेल तर चाक लोहाराकडे टाकी. ही खीळ किती महत्त्वाची ते आपल्या आजीलाही माहीत होते. दशरथाच्या रथाची खीळ लढाईत निसटली तेव्हा कैकेयीने तिथे आपला हात घातला आणि दोन वर मिळवले, अशी कथा ती सांगायची. पुढे त्या वरांचे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे. निघण्यापूर्वी सारथ्याने खीळ बघितली असती तर रामाचा वनवास टळला असता, असे मी एका सभेत म्हणालो होतो. लोक हसले. सभा संपल्यावर एकाने मला त्याच्या ट्रॉलीपाशी नेले, तिच्या नटात सायकलच्या चाकाची तार होती.

याच ट्रॉलीत दिवाळीनंतर कापूस वेचायला बाया जातात. पहाटे वीस-पंचवीस जणी, कडेवर लेकरू, हातात डबा. संध्याकाळी कापसाच्या ढिगावर बसून परत. ट्रॉलीतून माणसे नेणे कायद्यात बसत नाही, अपघात झाला की विमा कंपनी हात वर करते, हे सगळ्यांना माहीत आहे. तरीही नेतो, कारण दुसरे वाहन नाही आणि वेचणीचा भाव ठरलेला. नेऊ नका असे मी लिहीन आणि तुम्ही उद्या न्याल. म्हणून लिहितो की न्यायचेच असेल तर निघण्यापूर्वी पाना लावल्याशिवाय ट्रॅक्टर चालू करू नका. आणि मायबहिणींनो, तुम्ही ट्रॉलीत चढण्याआधी विचारा, "आज नट बघितले का?" मालकाला राग येईल. येऊ द्या. नेणारा तो असला तरी वर बसणाऱ्या तुम्ही आहात.

पैशाचे बोलायलाच हवे. ट्रॉलीत पंचवीसच्या जागी चाळीस क्विंटल का भरतो? खेप वाचावी म्हणून. खेप का वाचवावी लागते? डिझेलचा भाव आपण ठरवत नाही आणि कापसाचाही नाही, दोन्हींमधली जी फट उरते तिच्यात घर चालवायचे असते. झिजलेला बोल्ट पुढच्या वर्षी बदलू म्हणतो तोही याच कारणाने. हे सगळे खरे आहे आणि त्यासाठी आपण रस्त्यावर उतरतो. पण नट पुन्हा आवळायला भाव मिळायची वाट बघावी लागत नाही. त्याला दहा मिनिटे लागतात. व्यवस्थेवर टाकण्यासारखे पुष्कळ आहे, हे त्यात टाकू नका.

कायदाही आपल्याच अंगावर येतो, हे जाता जाता. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम १९० प्रमाणे, मालकाला माहीत असलेला किंवा साध्या काळजीने कळू शकला असता असा दोष असलेली गाडी रस्त्यावर आणणे हा गुन्हा आहे, आणि त्या दोषापायी कुणाला इजा झाली तर तुरुंगवासाची तरतूद आहे. ढिला नट साध्या काळजीने कळतो. कोर्टात 'माहीत नव्हते' म्हणून चालणार नाही.

कळतो कसा? नटाखालून बाहेर पसरलेले तांबडे ओघळ. नटाभोवती घासून चकचकीत झालेले लोखंड. भोकांमधून निघालेली चीर. संथ चालताना चाकातून येणारी खट्‌खट्, आणि ती आली की पाट्यावर ढकलायची नाही. पुढचे चाक असेल तर स्टिअरिंगला येणारी थरथर. हातोडीने नटावर टकटक केली तर आवळलेला खणखणतो, ढिला बद्द वाजतो. पूर्वी रेल्वेच्या फलाटावर हातोडी घेऊन चाके वाजवत जाणारा माणूस असायचा, तो हेच ऐकत असे. मात्र खणखणला म्हणून पाना लावायचा नाही असे नाही. इंग्लंडमध्ये, जिथे आपल्यासारखीच वाहने डावीकडून चालतात, जड वाहनांची निसटणारी चाके जास्त करून मागची डावीकडची असतात असे आढळले आहे. आमचेही तेच होते. तेव्हा घाई असेल तर सुरुवात तिथून करा.

आणखी एक युक्ती, फुकटातली. नट आवळून झाला की नटापासून तबकडीवर येणारी ऑइलपेंटची एक बारीक रेघ ओढा. नट फिरला की रेघ तुटलेली दिसते. मोठ्या बसेस आणि ट्रेलरच्या नटांवर पिवळे प्लॅस्टिकचे बाण दिसतात ते यासाठीच, एकमेकांकडे तोंड करून लावलेले असतात, एकाने तोंड फिरवले की समजायचे. रेघेला एक मर्यादा आहे. नट न फिरता ताण कमी झाला तर तिला काही कळत नाही. म्हणून रेघ रोज बघायला आणि पाना ठरल्या वेळी.

आमच्या ट्रकचे पुढे काय झाले? नवे बोल्ट बसवण्यात एक दिवस आणि भाड्याच्या वर काही हजार गेले. ज्वारी विकली गेली. गावच्या भावापेक्षा जे चार पैसे जास्त मिळाले ते बोल्टांनी खाल्ले. परतीच्या वाटेवर पनवेल सोडून बरेच पुढे आल्यावर चालकाने न सांगता गाडी बाजूला घेतली, खाली उतरला, पाना लावला. दहापैकी तीन नट थोडे फिरले. आम्ही कुणी काही बोललो नाही. मी रेघा ओढायला रंग विकत घेतला होता, तो त्याच्याकडे दिला.

पुढच्या जिल्हा बैठकीला गाड्या लावायच्या मैदानात, वडाच्या बाजूला, दोन पाने, एक मापाचा पाना, हातोडी आणि पिवळ्या रंगाचा डबा ठेवलेला असेल. तीन कार्यकर्ते तिथे सकाळपासून असतील. बैठक संपली की लगेच गाडी काढू नका, आपापली चाके बघून घ्या, ज्यांना जमत नाही त्यांना ते दाखवतील. येताना वाटेत पंक्चर काढले असेल तर आल्या आल्या सांगा. ज्यांच्या ट्रॉलीच्या आसाला खिळा किंवा तार आहे त्यांनी तालुक्याहून योग्य मापाची पिन आणावी. रंग आमच्याकडे आहे, पिना नाहीत.